आठ प्रकार, सात महिने आणि अंगठ्याला लागलेली तारीख

हा अनुभव मी तीन महिन्यांपूर्वीच लिहायला बसलो होतो. तेव्हा लिहून टाकला असता तर त्यातल्या निम्म्या शिव्या मला पुढे परत घ्याव्या लागल्या असत्या. उरलेल्या निम्म्या आजही जशाच्या तशा आहेत आणि त्या सगळ्या एकाच गोष्टीला आहेत: बाटलीवर छापलेली, निदान छापल्यासारखी दिसणारी, भरल्याची तारीख. ब्रूअरीचं नाव देत नाही. त्यांच्याशी पत्रव्यवहार अजून चालू आहे, आणि बिअरही त्यांचीच पितोय.

तर आठ प्रकारांचा खोका. पिल्सनर, गव्हाची हेफेवाइत्सेन, पेल एल, आयपीए, सेझॉन, गोझे, पोर्टर आणि इम्पीरिअल स्टाउट. प्रत्येकी तीन, म्हणजे 24 बाटल्या. कुठल्या बिअरमध्ये अल्कोहोल किती आणि आयबीयू, म्हणजे कडवटपणाचं माप, किती हे लेबलवर असतं, ते इथे उतरवत बसत नाही. सात महिन्यांत असे तीन खोके झाले. दर बाटलीला वहीत एक ओळ आणि 10 पैकी गुण. वहीची सवय बायकोच्या टोमण्यामुळे लागली. "दर वेळी म्हणतोस मागच्यापेक्षा बरी आहे. मागची कशी होती, सांग बघू?" सांगता आलं नाही.

पहिला खोका थेट त्यांच्याकडून मागवला, ताजा. त्यातल्या आयपीएला 9 दिले आणि ते 9 मला आजही खरे वाटतात. झाकण उडवलं तेव्हा ग्लास अजून हातातही घेतला नव्हता, तरी पपनसाच्या सालीचा वास आला. मागून ओल्या पाइनच्या लाकडासारखं काहीतरी. कडवटपणा घोटाबरोबर येत नव्हता, गिळून झालं की सावकाश वर चढत होता. वहीत त्या दिवशी चार ओळी आहेत, बाकी सगळ्यांना एकेक.

दुसरा खोका सवलतीत घेतला. सवलत दिसली की माझा हात आपोआप पुढे जातो. टूथपेस्टची ट्यूब उभी कापून आतून खरवडणाऱ्यांतला मी आहे. त्या खोक्यातली पहिली आयपीए उघडली. रंग मागच्यापेक्षा गडद. वास घ्यायला नाक आत घातलं, तर काहीच नाही. आणि घोट घेतला तर ओला पुठ्ठा. हे मी चिडून म्हणत नाही. बिअर जुनी होते तेव्हा ट्रान्स-2-नॉनेनल नावाचं एक संयुग जाणवायला लागतं आणि त्याचा वास भिजलेल्या कागद-पुठ्ठ्याचाच असतो. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, सुगंध तोवर उडालेला असतो, कडवटपणा बोथट झालेला असतो, आणि मागे उरतो तो माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, मधासारखा चिकट गोडवा. 3 गुण. अर्धा ग्लास नेटाने संपवला, पैसे दिलेत म्हणून. उरलेली सिंकमध्ये. सिंकमध्ये बिअर ओतायची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

मग म्हटलं, किती जुनी आहे ते तरी बघू. बाटली फ्रीजमधून काढून वीसेक मिनिटं झाली होती, काचेला घाम सुटला होता. तारीख यांनी लेबलच्या वर, मानेखाली, थेट काचेवर मारलेली असते. बारीक ठिपक्याठिपक्यांची काळी शाई. थेंबांमुळे नीट दिसेना म्हणून अंगठ्याने पाणी पुसलं. पाण्याबरोबर तारीखही निघाली. अंगठ्यावर राखाडी पट्टा, आणि काचेवर वर्षातला एक 2 आणि त्याच्यापुढे एक तिरपी रेघ. ती 1 असेल, नाहीतर 7 चा पाय.

त्यांना मेल केली. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, अगदी अदबीचं. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, चौकशी करतो, त्यासाठी कृपया बाटलीवरचा बॅच क्रमांक आणि भरल्याची तारीख कळवावी. मी अंगठ्याचा फोटो पाठवला. त्यावर उत्तर: फोटोत क्रमांक स्पष्ट दिसत नाही, पुन्हा पाठवावा.

एका तारखेसाठी एवढा आटापिटा का, असं वाटत असेल, तर बिअर कशी म्हातारी होते ते बघा. या धंद्यात एक ढोबळ ठोकताळा सांगतात, 3-30-300. म्हणजे 32 अंश सेल्सियसला तीन दिवस ठेवलेली बिअर, 22 अंशांना 30 दिवस ठेवलेली आणि 3 अंशांना 300 दिवस ठेवलेली, तिन्ही साधारण सारख्याच थकतात. गोदामात आणि गाडीत तिचे किती दिवस गेले ते आपल्याला कधीच कळणार नसतं, त्यामुळे निदान जन्मतारीख तरी हातात हवी. त्यातून प्रत्येक प्रकाराचं आयुष्य वेगळं. आयपीए म्हणजे हॉप्सचा वास, आणि तो पहिल्या दिवसापासून कमीच होत जातो. इम्पीरिअल स्टाउट वर्षभर ठेवली तर उलट गोलाई येते. यांच्या लेबलवर आठही प्रकारांना एकच वाक्य आहे, "भरल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत प्यावी." भरल्याची तारीख कुठे? वर बघा. वर काय? काच.

मी या बिअरना गुण देतोय असं मला वाटत होतं. खरं तर मी वयाला गुण देत होतो आणि वय किती तेच माहीत नव्हतं.

आता माझ्या चुका.

दुसऱ्या खोक्यातल्या पिल्सनरवरही मी तेव्हा एक जळजळीत मेल ठोकली होती. वास असा, की जळकं रबर आणि मांजर एकाच खोलीत कोंडलंय. पिल्सनरमध्ये दोष लपायला जागा नसते. ना गडद माल्टचं पांघरूण, ना हॉप्सचा मारा. 2 गुण दिले आणि "यांना साधी पिल्सनर जमत नाही" असं वहीत अधोरेखित करून ठेवलं. पुढे घरी बिअर गाळणारा एक मित्र आला. त्याने बाटलीकडे बघितलंही नाही, आधी विचारलं, "ठेवतोस कुठे?" खोका उघडला की बाटल्या मी खिडकीखालच्या फळीवर मांडतो. ओळीने उभ्या केल्या की छान दिसतात. दुपारी तासभर तिथे ऊन येतं.

"मग झालं तर," तो म्हणाला.

हॉप्समधल्या कडवट द्रव्यांवर प्रकाश पडला, विशेषतः निळा आणि अतिनील, की बिअरमधल्या रायबोफ्लेव्हिनच्या (बी-2 जीवनसत्त्वाच्या) मदतीने ती तुटतात आणि एक गंधकयुक्त संयुग तयार होतं. ते लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. थेट उन्हात याला काही मिनिटं पुरतात. तपकिरी काच बराचसा बचाव करते, हिरवी फारसा नाही. माझा विश्वास बसेना, म्हणून तिसऱ्या खोक्यातल्या दोन पिल्सनर घेतल्या. एक जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात, एक फळीवर, दोन दुपारी. मग दोन्ही रात्रभर फ्रीजमध्ये. बायकोला म्हटलं, कुठली कुठली ते न सांगता ओत. तिने ओतता ओतताच एक ग्लास माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "ही तुझी. मी दुसरी घेते."

कपाटातली अतिशय सुरेख होती. पावाच्या कडेसारखा माल्ट, मागे गवती, किंचित मसालेदार हॉप्स, आणि शेवट कोरडा ठणठणीत. पिल्सनरचे 2 खोडून 8 केले. ब्रूअरीला माफीची मेलही पाठवली, म्हणजे अर्ध्या माफीची. कारण आठांपैकी फक्त पिल्सनर यांनी हिरव्या बाटलीत भरली आहे. सगळ्यात नाजूक बिअर आणि सगळ्यात कुचकामी काच. लेबलवर मात्र 1842 साल, प्लझेन गाव, तिथे पहिली पिल्सनर गाळणारा योझेफ ग्रोल, सगळा इतिहास सोनेरी अक्षरांत आहे. तो पाण्यात भिजवा, घासा, काही होत नाही. म्हणजे 180 वर्षांपूर्वी पहिली पिल्सनर कधी झाली हे पक्कं कळतं, हातातली कधी भरली ते नाही.

हेफेवाइत्सेनचीही हीच गत, म्हणजे चूक पुन्हा माझीच. पहिल्या खोक्यात मी तिला 6 दिले होते, शेरा: "फेस दोन मिनिटांत बसतो, गव्हाच्या बिअरला हे शोभत नाही." चव चांगली होती. केळं आणि लवंग, दोन्ही यीस्टची करामत, त्यात ना केळं असतं ना लवंग. पण फेस गेला की वासही गेला आणि उरलं ते गढूळ, गोडसर पाणी. मित्राने तोच ग्लास उजेडासमोर धरला.

"अरे, हे दुधाच्या पातेल्याबरोबर घासतोस ना?"

घासतो. त्याच घासणीने. चरबीचा अगदी पातळ थर, किंवा नीट न धुतलेला साबण, फेसाचा काळ असतो. त्याने ओल्या ग्लासात आतून बारीक मीठ भुरभुरवून दाखवलं. स्वच्छ काचेला मीठ सगळीकडे सारखं चिकटतं. माझ्या ग्लासात नकाशा तयार झाला, मध्ये मोठमोठे रिकामे प्रदेश. तेव्हापासून बिअरच्या ग्लासांना वेगळी घासणी, वेगळी जागा, आणि पुसायचे नाहीत, उपडे ठेवून वाळवायचे. पुढच्या हेफेवाइत्सेनचा फेस शेवटच्या घोटापर्यंत टिकला आणि प्रत्येक घोटाची एक पांढरी कडी काचेवर राहिली. 8.5. ओतताना शेवटचं बोटभर बाटलीतच ठेवायचं, गोल फिरवून तळाचं यीस्ट उठवायचं आणि मग ओतायचं, हे लेबलवर चित्रासकट दिलंय. ते मी वाचलंच नव्हतं. लेबलवरची एकच जागा बघायची सवय लागली होती.

पेल एल: 6. तिन्ही खोक्यांत 6. हिच्याशी भांडावं असंही काही नाही आणि हिच्यासाठी भांडावं असंही नाही.

गोझेवर घरात एकमत नाही. आंबट, खारट, धण्याची झुळूक. लाइप्झिगच्या बाजूची ही जुनी पद्धत. बव्हेरियाच्या 1516 च्या फर्मानात बिअरला पाणी, बार्ली आणि हॉप्स एवढंच चालत होतं, त्यात मीठ आणि धणे कुठले बसायला! मला ती मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्यासारखी लागते, माझे 5. बायकोचे 9, आणि तिचं नाक माझ्यापेक्षा चांगलं आहे हे पिल्सनरने सिद्ध केलंय, त्यामुळे 7 धरा. फायदा एवढाच, की गोझेच्या तिन्ही बाटल्या मला उघडाव्या लागत नाहीत.

आता सेझॉन. हिच्यासाठीच खरं तर हे सगळं लिहितोय.

पहिल्या खोक्यात तिला 5 दिले होते. मिरीसारखी झणझणीत, पातळ, थोडी उग्र, वहीत लिहिलंय, "कच्ची वाटते, परत नको." दुसऱ्या, सवलतीच्या खोक्यातल्या सेझॉन मी आयपीएच्या रागात कपाटाच्या तळाशी ढकलून दिल्या आणि विसरलो. दीड-दोन महिन्यांनी दुसरं काही उरलं नाही म्हणून एक काढली. झाकण उचललं आणि अर्धी बाटली टेबलावर. फेस थांबेचना. पहिला विचार हाच की बाटलीत काहीतरी भलतंच वाढलं, बिघडली. पण आंबट वास नाही, कुजकट नाही. या प्रकाराला वापरतात ती बरीच यीस्ट भुकेली असतात, बाकीच्यांनी सोडून दिलेल्या जड शर्कराही हळूहळू फोडून खातात, आणि बाटलीत जिवंत राहिली तर आतला दाब वाढत राहतो. टेबल पुसून, उरलेली अर्धी ओतली.

अशी बिअर मी आजवर प्यालो नव्हतो. उग्रपणा पूर्ण गेला होता. आधी पिकलेल्या पेअरचा वास, मग सुकलेल्या गवताचा, मग पांढरी मिरी, आणि शेवट इतका कोरडा की पुढचा घोट घेतल्याशिवाय राहवत नाही. बुडबुडे बारीक, जिभेवर रेतीसारखे. मी आणि बायको, दोघं मिळून अर्धी बाटली पाऊण तास पुरवली. 9.5. वहीतला सगळ्यात मोठा आकडा. अर्धा गुण कापला तो टेबलक्लॉथचा.

आणि मग मी काय केलं असेल? बाटली उचलली, तारीख बघायला. सांडलेल्या फेसात ती कधीच वाहून गेली होती. उरलेल्या दोन काढल्या. त्याही कपाटात जायच्या आधी एकदा फ्रीजवारी करून आल्या होत्या. एकीवर काहीच नाही, दुसरीवर महिन्याचा पहिला आकडा, 0. म्हणजे ही बिअर चार महिन्यांची होती, सात महिन्यांची की दहा, मला माहीत नाही. पहिल्या खोक्यातली ताजी होती आणि आवडली नाही, हे माहीत आहे. मध्ये कुठेतरी ती अशी होते, हे माहीत आहे. नेमकी कुठे, हे त्या ब्रूअरीच्या दारातल्या यंत्राने काचेवर लिहिलं होतं आणि माझ्या टेबलावर ते पुसलं गेलं. वाईट आयपीएसाठी मी तीन मेल केल्या होत्या. या चांगल्या सेझॉनसाठी पाच केल्या.

चौथ्या मेलला त्यांच्या गुणवत्ता विभागातल्या माणसाने उत्तर दिलं, पहिल्यांदाच माणसासारखं. बाटली भरताना बिअर गार असते, काचेवर बाष्प धरतं आणि ओल्या काचेवर शाई नीट धरत नाही. मारण्याआधी वाऱ्याने सुकवावी लागते, ते कधी कमी पडतं. हे पटलं. मग मी विचारलं, लेबलवर का नाही मारत, कागद तर शाई पितो? त्याला उत्तर आलं नाही. त्याऐवजी चार आयपीए आल्या, भरपाई म्हणून, मोफत. खोक्यात एक पावती, तिच्यावर बॅच क्रमांक आणि भरल्याची तारीख, ठळक, लख्ख. मी पावतीवर पाणी शिंपडून बघितलं. हलली नाही. आयपीए 16 दिवसांची होती, आणि 9 म्हणजे 9. मोफत म्हणून अर्धा गुण वाढवायचा मोह झाला, आवरला.

पोर्टर आणि स्टाउटची बोळवण मी आधी फार स्वस्तात केली होती. दोघींना 6-6, "जळकट, पातळ." कारण दोन्ही फ्रीजमधून काढून थेट घशात. एकदा पोर्टर ओतल्यावर फोन आला, फोन लांबला, परत येईस्तोवर ग्लास कोमट होत आला होता. टाकवेना म्हणून प्यालो. तेव्हा कळलं की आत कॉफी आहे, कडू चॉकलेट आहे, भाजलेल्या पावाचा काळा कडा आहे; गारठ्याने ते सगळं दाबून टाकलं होतं. गडद बिअर 10 ते 13 अंशांना प्यावी असं सांगतात, म्हणजे फ्रीजमधून काढून सवडीने. पोर्टर आता 8. स्टाउट तिसऱ्या खोक्यात 8.5, पण अजून धारदार वाटली. हिला वर्ष द्यावं असं ठरवलं आणि उरलेल्या दोन कपाटात नेल्या.

तिसऱ्या खोक्याची एक गंमत सांगायची राहिली. खोका आल्या आल्या मी प्रत्येक बाटलीची तारीख, कोरडी असतानाच, वहीत उतरवून घेतली. पेल एलच्या तिन्ही बाटल्यांवरची तारीख नखाने खरवडूनही निघत नाही. सात महिने मी जे मागतोय ते यांनी दिलं, आठांतल्या सगळ्यात नीरस बिअरवर. सेझॉनवर अजून तीच शाई. त्या तीन सेझॉन वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्यात, चौथ्या महिन्यात एक, सहाव्यात एक, आठव्यात एक असं ठरवलंय. उघडताना सिंकवर धरायची.

स्टाउट वर्षभर राहणार, वहीवर भरवसा किती ठेवायचा, म्हणून तारखेवर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवली होती. परवा बघितलं तर एका बाटलीवरची पट्टी कोपऱ्यातून सुटत होती. नीट लावू म्हणून ओढली, तर सगळे अंक पट्टीबरोबर निघून आले. काच कोरी. पट्टीवर मात्र तारीख, बॅच क्रमांक, मिनिटासकट वेळ, एकही ठिपका न हलता. ती तशीच वहीत स्टाउटच्या पानावर चिकटवली आणि तिचा फोटो काढून त्यांना पाठवला. वर लिहिलं, आपण मागितलेला बॅच क्रमांक सोबत जोडला आहे.